शह दिला की शह दी?

सांगलीच्या विश्रामबागेतून एका वाचकांनी विचारलं आहे : "ऑक्टोबर २०२५ मध्ये पाकिस्तान आणि तालिबानची सरहद्दीवर जुंपली, तेव्हा आम्ही घरी हिंदी बातम्या बघत होतो. निवेदक म्हणाला, पाकिस्तानचा आरोप आहे की तालिबान 'भारत की शह पर' लढतंय. दुसऱ्या दिवशी मराठी चॅनेलच्या पट्टीवर दिसलं, 'भारताने तालिबानला शह दिल्याचा आरोप'. आमचे आण्णा म्हणाले, म्हणजे भारताने तालिबानला अडवलं. मुलगा म्हणाला, उलट आहे, भारताने त्यांना चढवलं. ताटं उचलेपर्यंत दोघांचं चाललं होतं. शह म्हणजे नक्की काय? आणि त्याच चर्चेत कुणीतरी 'व्यूहात्मक खोली' म्हणालं. आईला वाटलं पाकिस्तानला काबूलमध्ये भाड्यानं खोली पाहिजे. ती काय भानगड आहे?"

आण्णांचं मराठी बरोबर आहे. मुलाला बातमी बरोबर कळली आहे. चुकली ती पट्टी.

आधी आपला शह. सांगलीत बसून शह म्हणजे काय हे सांगायचं म्हणजे पंढरपुरात विठोबाची ओळख करून देण्यासारखं आहे. भाऊसाहेब पडसलगीकरांनी ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या पोरांना पटावर बसवलं, नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धांनी ज्या गावाचं नाव देशभर नेलं, तिथं चौथीतलं पोरगंही सांगेल की शह म्हणजे राजावर धरलेला नेम. समोरच्यानं बाकी सगळे बेत बाजूला ठेवून आधी त्याचं उत्तर द्यायचं असतं. राजा हलवा, मध्ये मोहरा घाला, नाहीतर शह देणारा मोहरा मारा. यातलं काहीच जमलं नाही तर मात. म्हणजे शह ही हार नव्हे. शह ही सक्ती आहे : आता तुझी खेळी तू ठरवायची नाहीस, मी ठरवली.

मूळ शब्द फारसी, शाह म्हणजे राजा. राजावर नेम धरला की तसं बोलून सांगायचं, त्यातून हा शब्द खेळात रुजला. मातही फारसीच, हतबल या अर्थाचा. इंग्रजीतला चेक हा शब्दही फ्रेंचमधून फिरत फिरत याच शाहपासून आलेला आहे. गंमत अशी की खुद्द इराणात आज शह द्यायचा तर 'कीश' म्हणतात. पाहुणा राहिला आणि घरचे निघून गेले.

मराठीनं हा शब्द पटावरून उचलला तो त्याच अर्थानं. सहकारी कारखान्याच्या निवडणुकीत एका गटानं दुसऱ्याला शह दिला, त्यानं काटशह दिला, हे वाक्य आपल्याकडे उसाच्या हंगामाइतकं नेमानं छापून येतं आणि कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शह देणे म्हणजे विरोधकाची वाट रोखणे. इथं वाद नाही.

आता हिंदी. तिथंही बुद्धिबळातला शह आहेच, 'शह और मात' सगळ्यांच्या तोंडी असतं. पण त्याच शब्दाला हिंदी-उर्दूत आणखी दोन अर्थ आहेत. एक पतंगाचा : मांजा हळूहळू सैल सोडत पतंग पुढं जाऊ देणं. दुसरा माणसांचा : आतून फूस देणं, मागं उभं राहून कुणाला तरी पुढं करणं. 'किसकी शह पर बोल रहा है?' यात बुद्धिबळ शोधू नका. मला स्वतःला या अर्थाचं नातं पतंगाशी जास्त जवळचं दिसतं, कारण चित्र तंतोतंत जुळतं. आभाळात दिसतो तो पतंग, गच्चीवरचा हात दिसत नाही. (तालिबाननं १९९६ नंतर काबूलमध्ये पतंगबाजीवरच बंदी घातली होती. या चर्चेशी त्याचा संबंध नाही, पण आठवल्याशिवाय राहवत नाही.)

एक सोपी खूण लक्षात ठेवता येईल. हिंदीत हा शह स्त्रीलिंगी आहे : शह दी, शह मिली, उसकी शह पर. मराठीत पुल्लिंगी : शह दिला, शह बसला. हिंदीतल्या 'को शह दी'चं मराठीत 'ला शह दिला' करताना लिंग बदललं आणि पाठीशी उभं राहण्याचा अर्थ जाऊन वाट अडवण्याचा आला. शब्द तोच, लिपी तीच, म्हणून भाषांतर करणाऱ्याला शंकाही येत नाही. परक्या दिसणाऱ्या शब्दापाशी माणूस थांबून कोश उघडतो. ओळखीचा दिसला की हात हलवून पुढं जातो.

या चुकीचा खरा मासला बघायचा तर एकच वाक्य घ्या : 'पाकिस्तानने तालिबानला शह दिला.' हे वाक्य खरं आहे का? कोणत्या भाषेत वाचता आणि कोणत्या सालाबद्दल बोलता, यावर ते अवलंबून आहे.

१९९४ साली कंदाहारमध्ये तालिबान उभं राहिलं, सप्टेंबर १९९६ मध्ये त्यांनी काबूल घेतलं. त्यांच्या सरकारला मान्यता देणारे देश जगात तीनच होते : पाकिस्तान, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती. पैसा, इंधन, सल्लागार, मदरशांतून येणारी पोरं, यांचा रस्ता पाकिस्तानातून जात होता. पलीकडच्या बाजूला उत्तर आघाडी, अहमदशाह मसूद यांची. तिला भारत, इराण आणि रशियाचा हात होता. इराण तर १९९८ मध्ये तालिबानशी लढाईच्या तोंडावर आला होता, कारण मझार-ए-शरीफमधल्या त्याच्या वकिलातीत घुसून राजनैतिक अधिकारी मारले गेले होते. या सगळ्या काळात 'पाकिस्तानने तालिबानला शह दिला' हे वाक्य हिंदीत सोळा आणे खरं आणि मराठीत साफ खोटं.

२००१ नंतर पाकिस्ताननं उघडपणे हात वर केले, तरी तालिबानचे म्होरके पाकिस्तानातल्या क्वेट्ट्यात राहतच होते. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पुन्हा पडलं. दुसऱ्याच दिवशी इम्रान खान यांनी अफगाणांनी गुलामीच्या बेड्या तोडल्याचं म्हटलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला आयएसआयचे तेव्हाचे प्रमुख फैझ हमीद काबूलच्या हॉटेलात हातात कप घेऊन उभे असलेले सगळ्या जगानं पाहिले. तोवरही हिंदीच खरी.

मग वारं फिरलं. पाकिस्तानी तालिबान, म्हणजे तहरीक-ए-तालिबान पाकिस्तान, ही डिसेंबर २००७ पासूनची वेगळी संघटना. पेशावरच्या लष्करी शाळेत १६ डिसेंबर २०१४ ला सव्वाशेहून जास्त लेकरं मारणारी तीच. काबूलमध्ये भाऊबंद सत्तेवर आल्यावर तिचे हल्ले वाढले. इस्लामाबाद म्हणू लागलं, यांना आवरा. काबूल म्हणू लागलं, तो तुमच्या घरातला प्रश्न आहे. एप्रिल २०२२ मध्ये पाकिस्तानी विमानांनी अफगाण हद्दीत बाँब टाकले, २०२४ मध्ये पुन्हा टाकले. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर दोन्हीकडून तोफा चालल्या, सरहद्दीवरच्या तोरखम आणि चमनच्या वेशी बंद झाल्या आणि १९ तारखेला कतार व तुर्कस्तानच्या मध्यस्थीनं दोह्यात शस्त्रसंधी झाली. आता तेच वाक्य मराठीतही खरं ठरू लागलं. पंचवीस वर्षं ज्याला शह दी, त्यालाच शह द्यायची पाळी आली.

नेमक्या त्याच दिवसांत तालिबानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्ताकी दिल्लीत होते आणि काबूलमधल्या आपल्या तांत्रिक पथकाला पुन्हा दूतावासाचा दर्जा देत असल्याचं भारतानं १० ऑक्टोबरला जाहीर केलं. 'भारत की शह पर' हा आरोप या पार्श्वभूमीवरचा. आरोप खरा की खोटा यात मी पडत नाही. आण्णा आणि मुलगा भांडत होते ते त्यावर नव्हेच.

इथं मराठी पत्रकारितेबद्दल एक गाऱ्हाणं. हिंदीची छाया बाजूला ठेवली तरी आपण शह फार स्वस्त केला आहे. भारतानं अफगाणिस्तानात झरंज ते देलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता बांधून २००९ मध्ये त्यांच्या हवाली केला : पाकिस्तानला शह. जून २०१६ मध्ये हेरात प्रांतात हरीरूद नदीवरचं ४२ मेगावॉटचं सलमा धरण सुरू झालं : शह. चाबहार बंदर : शहच. अहो, शह तो, ज्याचं उत्तर दिल्याशिवाय समोरच्याला दुसरी खेळी करता येत नाही. पाकिस्तान आपल्या जमिनीवरून भारताचा माल अफगाणिस्तानात जाऊ देत नाही, म्हणून आपण इराणच्या बंदरातून आणि त्या रस्त्यानं वळसा घातला. शेजाऱ्यानं पाणंद अडवली आणि तुम्ही ओढ्याकडून बैलगाडी काढली, तर त्याला शह म्हणत नाहीत, वाट काढणं म्हणतात. उलट शेजाऱ्यानं पाणंद अडवली, तो शह. धरणाला तर सरळ धरण म्हणावं.

मग 'की शह पर'ला मराठीत काय म्हणायचं? फूस हा पहिला शब्द सुचतो. चालेल, पण पोलिसांच्या लेखणीत 'फूस लावून पळवून नेणे' इतक्या वेळा येतं की त्याला आमिषाचा वास लागलेला आहे. चिथावणी उघड असते, भाषणातून दिली जाते, आणि देणारा नंतर पाठीशी राहीलच असं नाही. पाठबळ हा शब्द सभ्य आहे. त्यात पैसा, शस्त्रं, आसरा सगळं बसतं, फक्त लबाडी बसत नाही. काडी लावणारा तर कुणाच्याच बाजूचा नसतो, त्याला धूर बघायचा असतो. हिंदीतल्या त्या शहमध्ये लपून राहणं आणि मागं उभं राहणं या दोन्ही गोष्टी आहेत.

आपल्याकडे त्याला जुळणारा शब्द कोशात शोधण्यापेक्षा बांधावर जाऊन ऐकावा. धाकटा भाऊ अचानक थोरल्याच्या अंगावर जायला लागला की म्हातारी विचारते, "कुणाच्या जिवावर उड्या मारतोय ह्यो?" हेच ते 'किसकी शह पर'! अर्थ, सूर, संशय, सगळं भरलेलं. तालिबान भारताच्या जिवावर उड्या मारतंय, असा पाकिस्तानचा आरोप. आण्णा आणि मुलगा दोघांनाही एका दमात कळलं असतं.

आणि 'जिवावर'ची खुबी अशी की क्रियापद बदललं की नातं बदलतं. १९९६ मध्ये तालिबान पाकिस्तानच्या जिवावर उड्या मारत होतं. नंतर त्यांचेच भाऊबंद पाकिस्तानच्या जिवावर उठले. क्वेट्ट्यात दिलेला आसरा जिवावर बेतला. आणि २०२५ मध्ये शस्त्रसंधीच्या बैठकीत समोरासमोर बसणं दोघांच्याही जिवावर आलं. चार क्रियापदांत तीस वर्षांचा इतिहास आला की नाही? हे हिंदीतून आणलेल्या शहला जमणार नाही.

पट्टीवर एवढं मावत नाही, हे कबूल. मग 'तालिबानला भारताची फूस : पाकिस्तानचा आरोप' एवढं तरी लिहावं. त्यात आमिषाचा वास थोडा येईल, पण अर्थ उलटा होणार नाही.

आता आईंची खोली. हा शब्दही भाषांतरातूनच आला आहे. पाकिस्तान नकाशावर उभा आणि चिंचोळा देश. लाहोर भारताच्या सरहद्दीपासून जेमतेम पंचवीस किलोमीटर. भारतानं जोरात मुसंडी मारली तर मागं सरायला जमीन कुठं आहे, ही तिथल्या लष्कराची जुनी काळजी. त्यावर तोडगा असा निघाला की पाठीमागचा अफगाणिस्तान आपल्या मुठीतला असावा. १९८८ ते १९९१ या काळात लष्करप्रमुख असलेल्या मिर्झा अस्लम बेग यांच्या नावाशी ही कल्पना विशेष जोडली जाते. इंग्रजीतल्या 'स्ट्रॅटेजिक डेप्थ'चं कुणीतरी शब्दाला शब्द लावून 'व्यूहात्मक खोली' केलं. पण मराठीत खोली मोजायची ती विहिरीची, खाली. इथं मोजायचं आहे ते मागं. काबूलमध्ये खोली हवी म्हटल्यावर आईंना भाड्याची आठवली, तर त्यांचं काय चुकलं? खरं तर त्या मूळ अर्थाच्या जास्त जवळ गेल्या. पुढच्या दारात भांडण आलं की मागच्या खोलीत जाता यावं, एवढंच त्या लष्कराला पाहिजे होतं.

अडचण अशी की त्या मागच्या खोलीचा मालक दुसरा आहे, आणि तो मधली भिंतच मानत नाही. १८९३ मध्ये ब्रिटिश अधिकारी मॉर्टिमर ड्युरँड आणि अफगाणिस्तानचे अमीर अब्दुर रहमान यांच्यात ठरलेली सुमारे २,६०० किलोमीटरची रेषा काबूलमधल्या कोणत्याच सरकारनं पाकिस्तानची सरहद्द म्हणून मनापासून मान्य केलेली नाही. १९४७ मध्ये पाकिस्तानला संयुक्त राष्ट्रांत घेण्याच्या विरोधात मत देणारा एकमेव देश अफगाणिस्तान होता. मत नंतर मागं घेतलं, पण रेषेवरची हरकत मागं घेतली नाही. तालिबान आले तरी बांधाचं भांडण जुनंच राहिलं. बांधाला बांध लागलेल्या शेजाऱ्यांचं कसं असतं, हे तासगाव-मिरजेकडच्या माणसाला सांगायला नको.

तेव्हा शब्द सुचवायचा तर मी 'माघारीची जागा' असा सुचवीन. 'पाठीमागची मोकळीक'ही चालेल. 'व्यूहात्मक' गाळलं तरी काही बिघडत नाही. आणि 'खोल' हा शब्द वापरायचाच असेल, तर आपल्याकडे 'पाय खोलात जाणे' असा तयार वाक्प्रचार आहे. ऑक्टोबरच्या बातम्यांना तो पट्टीवरही मावला असता.