हार्ट फेल्युअर हृदयाचं, मग सूज पायांना का?

तुम्ही विचारलंय की वडिलांच्या छातीत कधी दुखलं नाही, फक्त पाय सुजतात आणि दम लागतो, तरी डॉक्टर हार्ट फेल्युअर म्हणतात, ते कसं? मी हृदयरोग विभागात नर्स आहे. नडगीवर अंगठा दाबून पाहणं हे आमचं रोजचं काम. अंगठा काढल्यावरही खळगा तसाच राहिला, की अंगात पाणी साठलंय हे कळतं.

हे पाणी साठवतात मूत्रपिंडं. हार्ट अटॅकमध्ये स्नायूचा काही भाग मेला, वर्षानुवर्षं बीपी वाढलेलं राहिलं किंवा झडप बिघडली, की हृदय पुरेसं रक्त पुढे ढकलू शकत नाही. यालाच हार्ट फेल्युअर म्हणतात, हृदय बंद पडणं नव्हे. मूत्रपिंडांकडे रक्त कमी पोचलं की शरीराला वाटतं, रक्तच कमी पडलंय. मग मीठ आणि पाणी धरून ठेवलं जातं, रक्तवाहिन्या आकसतात, ठोके वाढतात. रक्तस्रावात किंवा जुलाबात याच धडपडीने माणूस वाचतो. इथे मात्र आधीच थकलेल्या हृदयावर आणखी भार पडतो, कप्पे ताणून मोठे होतात आणि स्नायू अजून कमजोर होतो. बीटा ब्लॉकर आणि एसीई इन्हिबिटर ही औषधं हीच धडपड आवरतात. त्यामुळे सूज उतरली म्हणून ती मनाने बंद करू नका. हे मी प्रत्येक घरच्यांना कळकळीने सांगते.

हृदयाच्या उजव्या बाजूला रक्त तुंबलं की पाय सुजतात, पोट जड वाटतं. डाव्या बाजूला तुंबलं की पाणी फुफ्फुसांत उतरतं. आडवं पडल्यावर पायांतलं पाणी रक्तात परत येतं, म्हणून रात्री दम लागून जाग येते. त्यासाठीच आम्ही विचारतो, ‘किती उशा घेऊन झोपता?’ एकीच्या तीन झाल्या असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा.

इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टवर ईएफ (इजेक्शन फ्रॅक्शन) असतो, म्हणजे दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं ते. साधारण 55 ते 70 नॉर्मल, 40 किंवा त्याखाली म्हणजे पंप कमजोर. पण ईएफ चांगला असूनही हा आजार असतो. स्नायू ताठ झालेला असतो, सैल पडत नाही, त्यामुळे कप्पा नीट भरतच नाही.

घरी एक काम कराच. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वडिलांचं वजन करून लिहून ठेवा. तीन दिवसांत 2 किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, पाणी आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. बसूनही दम लागत असेल किंवा फेसाळ, गुलाबी कफ पडला तर थेट हॉस्पिटल गाठा. आणि गुडघे दुखतात म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक विचारल्याशिवाय देऊ नका, त्यानेही अंगात पाणी साठतं.