वाळूज सोडून जर्मनीत यायचं म्हणता, तर...

तुमचा प्रश्न वाचला. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत, सुटे भाग पुरवणाऱ्या व्हेंडर कंपनीत क्वालिटीला आहात, श्टुटगार्टकडची ऑफर आहे, मुलगी तिसरीत आहे, आणि कार विकावी की ठेवावी हेही विचारलंय. व्हिसा, पगाराची अट, इन्शुरन्स हे सगळं दूतावासाच्या साइटवर आहे, ते मी लिहीत नाही.

कागदांपैकी एकाचं मात्र सांगतो. ठेकेदाराच्या रोलवर काढलेली वर्षं असतील तर त्याचं अनुभवपत्र आत्ताच मिळवा, त्यात काम काय करत होतात ते नीट लिहून घ्या. माझी सुरुवातीची वर्षं तशीच गेली. लाइन कंपनीची, युनिफॉर्म कंपनीचा, पगार ठेकेदाराचा. मागायला गेलो तेव्हा ठेकेदारानं दुकान बंद केलेलं आणि कंपनी म्हणाली तुम्ही आमचे नव्हतातच. इथं जर्मनीत मला कमी अनुभवाचा धरून पगार ठरला. अजून डोक्यात जातं.

आता नोकरीचं. १९८५ साली बजाजचा प्लांट आला नसता तर आपल्यातले निम्मे लोक ऊसतोडीला नाहीतर पुण्याला गेले असते. दुचाकी, रिक्षा, त्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपन्या, मग २००१ला शेंद्र्यात स्कोडा. 'वाळूजला पर्मनंट आहे' एवढ्यावर सोयरीक जुळायची. बजाजला ऑर्डर किती, यावर बजाजनगरच्या किराणावाल्याची उधारी ठरायची. इथंही तेच आहे हो. श्टुटगार्टचा हा सगळा पट्टा गाड्यांवर जगतो. फोक्सवॅगननं डिसेंबर २०२४मध्ये युनियनशी करार केला, २०३०पर्यंत ३५ हजारांवर जागा कमी करायच्या. बॉश, झेडएफ या सुटे भाग करणाऱ्या कंपन्यांचंही कपातीचंच चाललंय. इलेक्ट्रिक गाडीला इंजिनाचे, गिअरबॉक्सचे भाग लागत नाहीत, तुमचा पार्ट कुठला आहे ते आधी बघा. तिकडं संभाजीनगरजवळ बिडकीनला टोयोटानं २० हजार कोटींच्या कारखान्याची घोषणा केलीय. मी आज तुमच्या वयाचा असतो तर थांबलो असतो का? रोज वेगळं उत्तर येतं.

मुलीचं ऐका, हे महत्त्वाचं. इथं चौथीनंतर लेकरांच्या वाटा वेगळ्या होतात. गिम्नाझियम म्हणजे सरळ विद्यापीठाची वाट, बाकीच्या शाळा वेगळ्या. माझा मुलगा तिसरीच्या मध्यावर आला. गणितात वर्गात पुढं, पण जर्मन कच्चं. बाईंनी गोड बोलून सांगितलं की त्याच्यासाठी रेआलशूल, म्हणजे दहावीपर्यंतची शाळा, बरी. दहा वर्षांच्या लेकराचं भाषेवरून ठरवलं! पुढं वाट बदलता येते, असं सगळे सांगतात. येतेही, पण आमच्यानं झालं नाही. आता तो गॅरेजमध्ये साडेतीन वर्षांची आउसबिल्डुंग, म्हणजे काम करत शिकायचं प्रशिक्षण, करतोय, गाड्यांचा मेकॅट्रॉनिक. दरमहा पैसे मिळतात, आनंदात आहे. मी मात्र गावी बीडला फोनवर 'मेकॅनिकल लाइनला आहे' एवढंच सांगतो. त्याला मराठी कळतं, ऐकून हसतो.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. कामाला लागलं की जातो.

कार विका. गाडी म्हणजे पत, हे डोक्यातून जायला मला वेळ लागला. आपल्या संभाजीनगरात २०१०ला लोकांनी मिळून १५० मर्सिडीज एकदम घेतल्या होत्या, ६५ कोटींच्या. तेव्हा आम्ही कंपनीच्या बसमध्ये छाती फुगवून त्याचीच चर्चा करायचो, आणि स्वतः दुचाकीचे हप्ते भरायचो. इथं मर्सिडीजच्या कारखान्याजवळ राहतो, माझे साहेब सायकलवर येतात. आपलं लायसन सहा महिने चालतं, नंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. वाळूजच्या रस्त्यावर ट्रक चुकवत गाडी हाणणाऱ्या माणसाला शिकाऊ गाडीत बसवतात.

प्लॉट विकू नका. प्रोबेशन सहा महिन्यांचं असतं, तोवर बायको-मुलीला तिकडंच राहू द्या. पण मुलीची भाषा बघितली तर उद्याच आणा. दोन्ही सल्ले माझेच आहेत, यातला कुठला घ्यायचा ते घरी बसून ठरवा. तिचा जर्मनचा क्लास मात्र या आठवड्यात लावा.