संध्याकाळ झाली की अ‍ॅम्प घूं घूं करतो

प्रश्न : आम्ही सदाशिव पेठेत जुन्या वाड्यात राहतो. वडिलांचा जड ट्रान्सफॉर्मरवाला स्टिरिओ अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) आणि पट्ट्यावरचा टर्नटेबल अजून चालू आहे. दिवसा झकास, पण संध्याकाळी सातनंतर स्पीकरमधून घूंऽऽ येतं आणि रेकॉर्डही हळू फिरते असं वाटतं. मीटरने बघितलं तर २०५ व्होल्ट, आणि बायकोने इंडक्शन शेगडी लावली की थेट १८३. दुकानदार म्हणतो स्टॅबिलायझर घ्या. घेऊ का? अ‍ॅम्प जळणार तर नाही ना?

उत्तर : अ‍ॅम्प जळत नाही हो, फक्त अर्धपोटी गातो. २३० च्या जागी १८३ मिळाले तर त्याची जास्तीत जास्त ताकद ६३ टक्क्यांवर येते, ऐकायला भयंकर वाटतं, पण कानाच्या हिशोबात हा फरक जेमतेम २ डेसिबलचा, घरात ऐकताना कळणारही नाही. कळते ती घूं. आत प्रीअ‍ॅम्पसाठी (बारीक सिग्नल वाढवणाऱ्या भागासाठी) १५ व्होल्टचा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) असतो बहुतेक, त्याला समोरून निदान १७ लागतात, एरवी समजा २२ येत असतील तर तुमच्या १८३ ला ते साडेसतरावर येतात, आणि वीज साठवून चढउतार भरून काढणारे कपॅसिटर जुने असले की मधेमधे त्याच्याही खाली, मग रेग्युलेटर हात वर करतो आणि सेकंदाला १०० वेळा होणारा तो चढउतार सरळ स्पीकरमध्ये. म्हणजे कपॅसिटर बदलले तरी बराच फरक पडेल.

पण मला खरी काळजी तुमच्या अ‍ॅम्पची नाहीये. २०५ हा सगळ्या गल्लीचा प्रश्न, उन्हाळ्यात एसी सुरू झाले की होतं. पण शेगडी लावल्यावर जे २२ व्होल्ट गायब होतात ते कुठे जातात? शेगडी साडेआठ-नऊ अ‍ॅम्पियर ओढते, चांगल्या वायरिंगमध्ये त्यात चार-सहा व्होल्ट पडले तर चालतं. उरलेले १६ एखाद्या सैल स्क्रूमध्ये पडत असतील तर तिथे १३० वॉटच्या वर उष्णता निघतेय, आणि आपली साधी सोल्डरिंग आयर्न असते २५ वॉटची! आमच्याकडे हेच झालं होतं, घरात दोन दिवस मासळीचा वास, पक्क्या शाकाहारी घरात बोंबील कोण तळतंय म्हणून शोधाशोध, तर मेन स्विचमधल्या न्यूट्रलच्या (परतीच्या वायरच्या) स्क्रूभोवतीचं बेकलाइट बिस्किटासारखं भाजलेलं निघालं.

तेव्हा आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, शेगडी चालू ठेवून मेन स्विचपाशी आणि सॉकेटमध्ये दोन्हीकडे व्होल्टेज मोजायला सांगा. मेनला २०० आणि सॉकेटला १८३ आले तर दोष घरातच. मेनलाच १८३ असतील तर मीटर किंवा खांबावरून आलेली वायर, तिथे हात घालायचा नाही, वीज कंपनीच्या १९१२ ला फोन करून तक्रार नंबर घ्यायचा. (स्वतः मोजणार असाल तर लाल पिन १० अ‍ॅम्पियरच्या भोकात नाही ना ते बघा, तशीच सॉकेटमध्ये घातली तर सरळ शॉर्ट.) आणि तुमचा दिवा मंद होताना शेजाऱ्यांचा भगभगीत होत असेल तर सामायिक न्यूट्रल सुटायला आलाय, मग गाणं-बिणं राहू द्या, आधी सगळे प्लग काढा.

हे सगळं करूनही संध्याकाळी २०५ च्या खालीच राहिलं तर मग स्टॅबिलायझर. रिलेवाला स्वस्त पडतो पण दर टप्प्याला कट् कट् करतो आणि ते कधीकधी स्पीकरमध्ये ऐकू येतं, तबल्याच्या सोलोत तर डोकं फिरतं. सर्व्होवाला (मोटरने हळूहळू व्होल्टेज जुळवणारा) घ्या, नुसत्या अ‍ॅम्पला ५०० व्हीएचा पुष्कळ, फक्त हाय कट (व्होल्टेज फार चढलं की आपोआप बंद होण्याची सोय) आहे ना ते विचारा कारण रात्री लोड उतरला की व्होल्टेज वर चढतं. शेगडी मात्र त्याच्यावर लावू नका.

राहिला टर्नटेबल. पट्ट्यावरच्या टर्नटेबलला बहुतेक सिंक्रोनस मोटर असते, तिचा वेग ५० हर्ट्झवर ठरतो, व्होल्टेजवर नाही, म्हणजे पट्टाच सैल झाला असणार. तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, विचारा, पण जुना पट्टा सोबत न्या, नुसतं मॉडेल सांगून काही उपयोग होत नाही.