48 व्या वर्षी शास्त्रीय गाणं शिकायला घेतलं, तर आवाज साथ देईल का? विशारद होता येईल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की क्लासच्या सरांनी "वयामुळे आवाज बसलाय, भजनी मंडळात जा" असं सांगितलं. हे वाक्य मी नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात माझ्याच घरच्या बैठकीत ऐकलंय. अजूनही आठवलं की डोकं तापतं, म्हणून लिहायला बसले.

तुमचा आवाज बसलेला नाही, पट्टी, म्हणजे ज्या सुराला 'सा' धरून गायचं तो सूर, खाली उतरली आहे. पाळी जायच्या सुमारास बायकांचे स्वरतंतू जाड होतात आणि आवाज खाली येतो. पुष्कळजणींचं होतं हे. पण गाण्याच्या क्लासमध्ये पाळीचा विषय काढणार कोण? त्यापेक्षा "वय झालं" म्हणणं सोपं.

मला लहानपणापासून शिकायचं होतं. वडिलांनी भावाला तबल्याला घातलं आणि मला शिवणाला. पन्नाशीत स्वतःच्या पगारातून फी भरून एका क्लासला जायला लागले. बॅच सगळी शाळकरी मुलींची, पेटी काळी पाचवर, म्हणजे पाचव्या काळ्या पट्टीला 'सा' धरून. भूप रागाची सरगम मध्य सप्तकात नीट जायची, पण वरच्या षड्जापुढे (सा) रिषभ-गंधारावर (रे-ग) गेलं की आवाज फाटायचा. सर सगळ्यांसमोर म्हणायचे, "मावशी, ओरडू नका." मी घरी येऊन त्याच पट्टीत आणखी घासायची. घसा इतका धरला की दिवाळीला जमलेल्या पाहुण्यांशी बोलता येईना. तेव्हा मोठ्या वन्सं म्हणाल्या, "काय करून राहिली बाप्पा ह्या वयात? गळा देवानं द्यावा लागते. भजनाला येत जा आमच्यासंगं, फी तरी वाचन." यजमान खाली मान घालून चिवडा खात बसले. वन्संच्या बोलण्यापेक्षा ते मला जास्त लागलं.

मग महालातल्या एक बाई मिळाल्या. पहिल्या दिवशी त्यांनी राग नाही, अलंकार नाही, काही शिकवलं नाही. नुसता 'आ'कार लावायला सांगितला आणि पेटीवर एकेक सूर खाली येत गेल्या. काळी पाच, पांढरी सहा, काळी चार, पांढरी पाच, काळी तीन. तिथे थांबल्या. "आता मंद्र पंचम, खालच्या सप्तकातला प, लावा." लागला. "आता वर, तार गंधार." तोही लागला, मान न ताणता. मला रडू आलं. त्या एवढंच म्हणाल्या, "गळ्याला काय झालंय? काही नाही." पुढे कितीतरी दिवस फक्त खर्ज भरायला, म्हणजे खालचे सूर लांबवर धरायला लावलं. घशाच्या उपचारांनंतर गायिका गंगूबाई हनगलांचा आवाज जड झाला आणि त्याच आवाजात त्या आयुष्यभर गायल्या, हे महालातल्या बाईंनीच सांगितलं.

नागपुरात कोणीही लगेच वसंतराव देशपांड्यांचं उदाहरण देतं. 1967 साली 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आलं तेव्हा ते 47 वर्षांचे होते, आधीची कितीतरी वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी, हे सगळं खरं. पण ते लहानपणीच इथे शंकरराव सप्र्यांकडे शिकले होते. आपण कोरी पाटी घेऊन बसतो. त्यांच्याशी तुलना करून स्वतःला फसवू नका आणि खचूही नका.

विशारदचं विचारलंत. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या क्रमात प्रारंभिकपासून विशारद पूर्ण ही सातवी परीक्षा. वर्षाला एक धरली तरी सात वर्षं. नोकरी मुळीच सोडू नका. रोज एक तास पुरतो, पण तो तास घरातून काढून घ्यावा लागतो, कोणी आपणहून देत नाही. मे महिन्यात तर विचारूच नका. कूलर चालू असला की तानपुरा ऐकू येत नाही आणि बंद केला की सगळं घर उठून बसतं. मी पहाटे गच्चीवर जाते. शेजारच्यांनी एकदा तक्रार केली, मी त्यांना वेळ सांगितली आणि तीच पाळली.

आणि हो, आवाज दोन-तीन आठवडे घोगराच राहिला तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, थायरॉइडही तपासून घ्या. पट्टी बदलून ते दुखणं जाणार नाही. द्रुत, म्हणजे जलद, तानाही विशीतल्या मुलींसारख्या येणार नाहीत, माझ्या येत नाहीत. संथ लयीतला विलंबित ख्याल मात्र येतो, आणि मला तोच गायचा होता.

भजनी मंडळ वाईट नाही. वन्संच्या मंडळात मी आषाढीला गेले, त्यांच्याच पेटीवर काळी तीन धरायला लावली आणि अभंग गायले. त्यांच्या मंडळातल्या दोघी आता महालातल्या बाईंकडे येतात. वन्सं अजून म्हणतात की फी वाया जाते. जाऊ दे, माझी आहे.

तुम्ही उद्या त्या सरांना एकच विचारा, "माझी पट्टी कोणती?" बॅचची एकच पट्टी आहे म्हणाले, तर पुढच्या महिन्याची फी तिथे भरू नका.