पोटाचे व्यायाम सुरू करताय? आधी कंबरेकडे बघा

रोज शंभर क्रंचेस मारून पोटावरची चरबी उतरत नाही. ती आधी कुठून जाणार हे शरीर ठरवतं, आणि त्यासाठी खाण्यावर ताबा हवा, चालणं-फिरणं हवं. व्यायामाने आतले स्नायू घट्ट होतात. तेवढ्यासाठी घरात एक चटई पुरे.

सुरुवात 'डेड बग'ने करा. पाठीवर झोपा, हात छताकडे, मांड्या उभ्या आणि गुडघे 90 अंशांत वाकवलेले. कंबर जमिनीला चिकटलेली हवी. आता श्वास सोडत उजवा हात डोक्यामागे आणि डावा पाय समोर, सावकाश खाली न्या. टाच टेकलीच पाहिजे असं नाही. कंबरेखाली तळहात सरकेल एवढी फट पडली, की पाय जास्त खाली गेला समजा. त्याच्या अलीकडेच थांबायचं. मग बाजू बदला. प्रत्येक बाजूने 6 ते 8 वेळा, अशा 2 फेऱ्या.

मग प्लँक, म्हणजे पालथं होऊन कोपरं आणि पायांच्या बोटांवर अंग सरळ उचलून धरायचं. कोपर बरोबर खांद्याखाली, नितंब आवळलेले. नीट धरलेले 20 सेकंद हे कंबर लोंबकळत काढलेल्या दोन मिनिटांपेक्षा केव्हाही बरे. अंग थरथरलं तर चालेल, पण कंबरेत कळ आली की गुडघे टेकवा. आणि श्वास रोखू नका. नवखे हमखास रोखतात.

आठवड्यातून 3 दिवस, एक दिवसाआड. भरपेट जेवणानंतर दोन तास तरी जाऊ द्या. हर्निया असेल किंवा बाळंतपण, पोटाची शस्त्रक्रिया नुकती झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच करू नका.