लॉनवरचे डाग: आधी टायमर, मग औषध

पावसाळाभर लॉनबद्दल पत्रं येत राहिली. त्यातली चार घेते.

बाणेरहून एक वाचक लिहितात: आमच्या रो-हाउसपुढे साधारण 600 चौरस फूट सिलेक्शन वन जातीचं लॉन आहे. जुलैअखेरीस त्यात ताटाएवढे तपकिरी गोल डाग पडले, आता ते एकमेकांना मिळू लागलेत. माळीकाकांनी आधी युरिया टाकला, मग बाविस्टिन हे बुरशीनाशक मारलं, मग पुन्हा युरिया. स्प्रिंकलर टायमरवर आहे, संध्याकाळी 7 ला सुरू होतो. घरात कुत्रा आहे आणि मुलगी अनवाणी खेळते. कोणतं औषध मारावं?

औषधाचं सांगते, पण आधी तो टायमर बंद करा. बाहेर भुरभुर चालू आणि तुमचा स्प्रिंकलर संध्याकाळी 7 ला इमानेइतबारे फिरतोय, म्हणजे पात रात्रभर ओली. पुण्यात जुलै-ऑगस्टच्या रात्री 22 अंशांच्या आसपास असतात. एवढ्या उबेत पात सलग दहा-बारा तास ओली राहिली की बुरशीचं आयतंच फावतं. वर युरिया. नत्राने गवत लुसलुशीत होतं आणि अशा कोवळ्या पातीत बुरशी चटकन शिरते. माळीकाकांना मात्र बोलू नका. पिवळं दिसलं की युरिया, ही सवय त्यांना आपण घरमालकांनीच लावली आहे.

आता ओळख. सकाळी साडेसहाच्या सुमारास, दव असताना, लॉनवर चक्क गुडघे टेकून बसा. डागाच्या मध्यभागी बघू नका, तिथलं गवत मेलेलं आहे. कड बघा. कडेला काळपट, धुरकट पट्टा आणि पातींवर कोळिष्टकासारखे पांढरे धागे दिसले, आणि पात ओढल्यावर बुडाशी कुजून अलगद सुटून आली, तर ती रायझोक्टोनिया, म्हणजे ब्राउन पॅच. तुमच्या वर्णनावरून मला हाच वाटतो. ऊन चढलं की धागे दिसेनासे होतात. म्हणून 11 वाजता काढलेल्या फोटोवरून कोणी छातीठोकपणे रोग सांगत असेल तर त्याच्यावर विसंबू नका.

गवत तेलकट, चिकटून बसल्यासारखं दिसत असेल आणि डाग गोल न राहता पाणी वाहतं त्या उताराने लांबट पसरत असतील, तर ते पिथियम, म्हणजे दुसरा रोग. हा फार झपाट्याने पसरतो आणि याच्यावर बाविस्टिन चालतच नाही. डाग दहा रुपयांच्या नाण्याएवढे असतील आणि पातीवर वाळक्या रंगाचा आडवा पट्टा, त्याला लालसर तपकिरी किनार असेल, तर डॉलर स्पॉट. गंमत म्हणजे हा उपाशी गवताला होतो. तिथे थोडा युरिया दिला तर उलट फायदा होतो.

बुरशी नसलेल्या दोन गोष्टीही तपासा. तुमच्याकडे कुत्रा आहे. मधे जळकं आणि भोवती गडद हिरवं कडं असेल तर ते त्याच्या लघवीचं काम. तिथे लगेच बादलीभर पाणी ओतत जा. आणि गवताची गादी हाताने ओढल्यावर मुळांशिवाय उचलली गेली, तर खाली हुमणी शोधा: पांढरी, वाकडी, तपकिरी डोक्याची अळी. तिच्यावर बुरशीनाशक मारून काहीच होणार नाही.

ब्राउन पॅच ठरला तर प्रोपिकोनॅझोल (टिल्ट) 1 मिली किंवा 5 टक्क्यांचं हेक्साकोनॅझोल 2 मिली, एक लिटर पाण्याला. 600 फुटांना 10 लिटरचा पंप पुरतो. डागाबाहेर हात-दीड हात चांगल्या गवतावरही मारा, कारण बुरशी तिथे आधीच पोचलेली असते. पाचसहा तास उघडीप मिळेल असा दिवस धरा, साधारण 14 दिवसांनी पुन्हा मारा. पिथियम असेल तर मेटालॅक्झिल आणि मँकोझेब एकत्र असलेलं औषध, लिटरला 2 ग्रॅम. बाविस्टिनच दरवेळी मारत राहिलं की बुरशी त्याला दाद देईनाशी होते. हातमोजे, मास्क घाला. मुलगी आणि कुत्रा दोन दिवस लॉनपासून लांब ठेवा. बाटलीवरच्या त्रिकोणाचा रंग बघून घ्या: हिरवा सगळ्यात सौम्य, मग निळा, मग पिवळा, लाल सगळ्यात जहाल. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) टाकायचा असेल तर शेणखतात मिसळून, फवारणीनंतर पंधराएक दिवसांनी. तीही बुरशीच आहे, लगेच टाकली तर औषध तिलाही मारेल.

कटिंग सव्वा-दीड इंचावर ठेवा. "बारीक कापा, म्हणजे लवकर वाढणार नाही," हा हिशेब पावसाळ्यात अंगाशी येतो. आधी चांगला भाग कापा, मग आजारी. कापलेलं गवत उचला आणि मशिनची पाती धुवा, विशेषतः माळीकाका तेच मशिन शेजारच्या चार बंगल्यांत फिरवत असतील तर.

आणि एकदा खुरप्याने वीतभर खणून बघा. नव्या स्कीममध्ये राडारोड्यावर तीन-चार इंच लाल माती पसरून वर लॉनचे तुकडे अंथरलेले असतात. तसं असेल तर पाणी खाली मुरत नाही आणि औषध दरवर्षी विकत आणावं लागतं. पाऊस ओसरल्यावर काट्याने भोकं पाडून धुतलेली वाळू भरा. बांधकामावर उरलेली क्रश सँड नको, तिच्यातली पावडर थर आणखी घट्ट करते.

वानवडीहून: पाऊस थांबल्यापासून मेक्सिकन लॉनवर चाललं की पांढऱ्या बुटांना केशरी पूड लागते. कसला रंग हा?

तांबेरा. गव्हावर पडतो त्याच्याच जातकुळीतला, पण गवताचा वेगळा. वाढ मंदावली आणि सकाळी दव पडू लागलं की येतो. घाबरू नका. थोडं नत्र द्या, आठवड्याने कापा, पूड धरलेल्या पाती कापून जातात. तरीही राहिला तर मँकोझेब (एम-45) लिटरला 2 ग्रॅम. बूट मात्र घरात आणण्याआधी झटका, केशरी डाग पायपुसण्यावरून निघता निघत नाहीत.

सहकारनगरहून एक आजी: चार वर्षांपूर्वी गुलमोहर पडला. आता तिथे लॉनवर कुत्र्याच्या छत्र्यांचं मोठं वर्तुळ उगवतं. नातवंडं तोडून खेळतात. औषध आहे का?

आजी, तुमच्या गुलमोहराची मुळं अजून खाली कुजताहेत आणि बुरशी तीच खातेय. वरून फवारून फार उपयोग नाही. छत्र्या रोज सकाळी उघडायच्या आत खुडून कचऱ्यात टाका. वर्तुळावर काट्याने खोल भोकं पाडून भरपूर पाणी मुरवा. अगदीच डोळ्यांत खुपत असेल तर तिथली माती फूटभर खोल काढून लाकडाचे तुकडे वेचा आणि नवी माती भरा. नातवंडांना मात्र हात लावू देऊ नका. लॉनवर अशी वर्तुळं करणाऱ्यांत क्लोरोफायलम मोलिब्डायटिस नावाची एक पांढरी, मोठी छत्री असते. दिसायला खाण्यातल्या अळंबीसारखीच, पण पोटात गेली तर उलट्या-जुलाबांनी हैराण करते.

कोथरूडहून एका सोसायटीचे सेक्रेटरी: दोन इमारतींच्या मधल्या पट्ट्यात दर पावसाळ्यात लॉन सडतं. यंदा पातींवर राखेसारखं करडंही काहीतरी आलं. सभेत दरवर्षी खर्चावरून वाद होतो.

करडं म्हणजे स्लाइम मोल्ड. तो गवत खात नाही, नुसता पातीवर चढून बसतो. पाइपच्या जोरदार पाण्याने धुऊन टाका, पैसे खर्चू नका.

सडण्याचं कारण वेगळं. सिलेक्शन वन ही आपल्या हरळीच्याच कुळातली. तिला दिवसाचे निदान सहा तास थेट ऊन हवं. दोन इमारतींच्या मधे ते बाराही महिने मिळणार नाही. तिथे लॉन लावणं थांबवा. नेचे, मोंडो ग्रास लावा, मधून चालायला फरशा टाका. ठराव मांडताना गेल्या तीन वर्षांची नव्या लॉनची आणि फवारणीची बिलं सोबत ठेवा, वाद लवकर मिटेल.