ही उचल वेगळी आहे

प्रश्न : आमच्या तांड्यावर अकरा जणींचा बचत गट आहे. कवड्या, आरसे, घुंगरं आणि रंगीत दोऱ्यांचे हार आम्ही करतो. व्यापारी हाराला १२० रुपये देतो. आता शहरातल्या एका संस्थेने ‘फेअर ट्रेड’मधून, म्हणजे कारागिराला रास्त भाव देणाऱ्या व्यापारातून, ३०० हारांची ऑर्डर देऊ केलीय. निम्मे पैसे आधी देऊ म्हणतात. पण बायका घाबरल्यात, आधी पैसे घेतले की अडकलो म्हणतात. ऑर्डर घ्यावी का? त्यावर ऊसतोड सुटेल का?
– एक वाचक, ता. परळी, जि. बीड

उत्तर : ताई, ही भीती मला चांगली ठाऊक आहे. मीही तांड्यावरचीच. माझ्या याडी-बापूंचा, म्हणजे आईवडिलांचा, कोयता (ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता) सतरा हंगाम साखर कारखान्याला गेला. पोळ्याच्या सुमारास तोडीला मजूर नेणारा मुकादम दारात यायचा, उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, मोजून द्यायचा. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तरी ती फिटलेली नसायची. बाकी पुढच्या वर्षाच्या उचलीत धरली जायची. म्हणून आगाऊ पैसे म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो.

पण मुकादमाची उचल अंगावर असते, ही हारांवर आहे. वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशनच्या दहा तत्त्वांत हे लिहिलेलंच आहे : कारागिराने मागितलं तर हस्तकलेच्या मालासाठी किमान ५० टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यायची. त्यातून दोरा, कवड्या रोखीने आणा. सावकाराकडे जायची वेळ येत नाही. ही संस्था त्या संघटनेची किंवा फेअर ट्रेड फोरम इंडियाची सभासद आहे का, ते विचारा. दर, मुदत, खराब निघालेल्या मालाचं काय, हे मराठीत कागदावर घ्या.

आता भाव. एकीला घड्याळ लावून बसवा. कवडीची पाठ दगडावर घासून सपाट करण्यापासून शेवटच्या गाठीपर्यंत सगळा वेळ मोजा. बायका कवडी घासणं धरतच नाहीत, आणि अर्धा दिवस त्यातच जातो. समजा एका हाराला पाच तास लागले आणि ४५ रुपयांचं सामान. म्हणजे व्यापाऱ्याच्या १२० मधून हातात उरले ७५, तासाला १५. आठ तासांचे १२० रुपये. तुमच्याकडे खुरपणीला ३०० मिळत असतील, तर तीच मजुरी धरून पाच तासांचे १८८ होतात. सामान मिळवून २३३. वाया गेलेला दोरा, जाण्यायेण्याचं भाडं आणि गटाची शिल्लक धरून २६० मागा. त्याखाली उतरू नका.

३०० हार म्हणजे १,५०० तास. रोज चार तास बसलात तरी अकरा जणींना पस्तीसेक दिवस लागतील. मुदत दोन महिन्यांची घ्या. मध्ये लग्नं, आजारपणं, पेरणी येतेच.

ऊसतोडीचं मात्र मी खरं सांगते. या ऑर्डरीतून प्रत्येकीला मजुरीचे जेमतेम ५,१०० रुपये सुटतील. कोयत्याची उचल लाखाच्या घरात गेलीय. एका ऑर्डरीने कोयता खाली ठेवता येणार नाही. तरी पैसे कधी येतात, याला फार महत्त्व आहे. नाताळचा माल परदेशी बोटीने जातो, म्हणून तो पावसाळ्यातच हातावेगळा करावा लागतो. पोळ्याच्या आधी पाच हजार हातात असले, तर उचल तेवढी कमी घेता येते, कदाचित एखादी पोर शाळेसाठी मागे ठेवता येते. मी आठवीनंतर मागे राहिले ती अशीच, याडीने गोधड्या शिवून जमवलेल्या पैशांवर. दरवर्षी अशा दोन-तीन ऑर्डरी आल्या, तर पुढचं बोलू. तोवर उमेदच्या, म्हणजे राज्य सरकारच्या बचत गटांच्या अभियानाच्या, महालक्ष्मी सरस प्रदर्शनासाठीही अर्ज करा. तिथे गिऱ्हाईक समोर असतं, भाव तुम्ही सांगता.

नमुना पाठवण्याआधी हूक आणि घुंगरं कसली आहेत ते बघा. बाजारात ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणून मिळतं त्यात चांदी नसते. तांबं, जस्त आणि निकेल असतं. निकेलने अनेकांच्या कातडीला खाज सुटते, आणि युरोपात दागिन्यातून किती निकेल सुटावं याला कायद्याने मर्यादा आहे. माल परत आला तर भुर्दंड गटावर. संस्थेला आधीच विचारा, पितळ चालेल का.